मोरीचं पाणी आणि १५ गॅलनचा टोट: आमच्या छोट्या ट्रेलरच्या नोंदी

११ मार्च २०२३, शनिवार

बाहेर अजून बर्फ आहे आणि ट्रेलर (गाडीमागे ओढायचं आमचं चाकावरचं छोटं घर) गराजच्या बाजूला ताडपत्रीखाली झोपलाय, पण ह्या वर्षी काम आधीच सुरू करायचं ठरवलंय कारण आई मे महिन्यात सांगलीहून येतेय आणि ३० जून ते ४ जुलै आमचं पी. जे. हॉफमास्टर स्टेट पार्कचं बुकिंग झालंय, मस्कीगनजवळ, लेक मिशिगनच्या वाळूच्या डोंगरांना लागून. मिशिगनच्या स्टेट पार्कचं बुकिंग बरोब्बर सहा महिने आधी उघडतं, म्हणजे डिसेंबरच्या शेवटी सकाळी आठला लॅपटॉप घेऊन बसलेली मी, तेव्हा कुठे जागा मिळाली.

प्रश्न पाण्याचा. आणायचा नाही, टाकायचा.

मागच्या ऑक्टोबरात नवीन घेतलेल्या (म्हणजे जुन्याच, पण आमच्यासाठी नवीन) १६ फुटी ट्रेलरमध्ये आम्ही तिघं चार रात्री राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासताना शॉवरच्या तळाशी पाणी वर आलं, त्यात चहाची पावडर आणि भाताची शितं. ग्रे टँक, म्हणजे सिंक-शॉवरच्या पाण्याचा, भरला की पाणी सगळ्यात खालच्या भोकातून उलटं येतं आणि ट्रेलरमध्ये सगळ्यात खालचं भोक म्हणजे शॉवर. मग सगळं आवरलं, खुर्च्या आत, चांदणी (बाहेरचं कापडी छत) गुंडाळली, ट्रेलरच्या कोपऱ्यातले पाय वर घेतले, गाडीला जोडला, डंप स्टेशनला (टाक्यांतलं घाण पाणी सोडायची ठरलेली जागा) नेला, रिकामा केला, परत आणला, परत लेव्हल केला. दोन तास गेले आणि लेकीचा बीचचा दिवस गेला. तेव्हाच ठरवलं की मधल्या वेळेला पाणी न्यायला चाकावरची टाकी, टोट म्हणतात ती, घ्यायची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ट्रेलरखाली तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, एक ग्रे म्हणजे सिंक आणि शॉवरचं, एक ब्लॅक म्हणजे संडासची. आमच्याकडे २५ गॅलन चांगलं, २५ ग्रे, २० ब्लॅक. एक अमेरिकन गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर. मी घरात ग्रे ला मोरीचं पाणी म्हणते, तेच बरोबर नाव आहे, इथेही तेच लिहीन.

आणि हो, मोरीचं पाणी जमिनीवर सोडायला स्टेट पार्कमध्ये मनाई आहे. काही लोक रात्री गुपचूप झाडीत सोडतात, मी पाहिलंय, मला ते अजिबात पटत नाही. तेलकट, साबणाचं पाणी त्या वाळूत सोडायचं आणि दुसऱ्या दिवशी आपलीच पोरं तिथे अनवाणी खेळणार.

१८ मार्च, शनिवार

टोट किती गॅलनचा घ्यायचा हे ठरवायच्या आधी आपण दिवसाला किती पाणी सांडतो ते कळायला पाहिजे म्हणून आज घरच्या सिंकखाली बादली लावली. पाईप सोडवला आणि पाच गॅलनची बादली, दर वेळी भरली की फळ्यावर एक रेघ. नवरा म्हणाला तू ऑफिसमध्ये टेस्टिंग करतेस ते कमी पडतं का, पण मदतीला तोच होता, बादल्या मात्र मीच उचलल्या कारण त्याच्या कमरेचं ऑपरेशन झालंय आणि त्याला वजन उचलायची बंदी आहे. हे टोटच्या हिशोबातही धरायला पाहिजे, ओढणारी मी एकटी.

आकडे: सकाळचा चहा नाश्ता (पोहे) दीड गॅलन, दुपारचं साधं वरणभात दोन, रात्री पोळी भाजी दोन ते अडीच. म्हणजे नुसत्या स्वयंपाकघराचे सहा. हात धुणं, तोंड धुणं धरून सात. आणि आई आली की वाढणार, कारण ती पार्कच्या सार्वजनिक बाथरूममध्ये आंघोळ करणार नाही, ट्रेलरमध्येच करणार, तेव्हा तीन-चार गॅलन अजून. दिवसाला दहा-अकरा धरते.

म्हणजे २५ चा टँक दोन दिवस आणि थोडा. चार रात्रींत मध्ये निदान एकदा, बहुतेक दोनदा पाणी न्यावं लागणार.

२२ मार्च, बुधवार

पाडवा. गुढी डेकवर उभारली, हवा थंडगार. कडुलिंब इंडियन स्टोअरमध्ये मिळाला. टोटचं काही काम नाही.

२६ मार्च, रविवार

आज दोन दुकानं फिरले, एक कॅम्पिंगचं मोठं आणि एक शेतीच्या सामानाचं. पट्टी बरोबर नेली होती.

बाजारात काय आहे ते लिहून ठेवते. नावं तीच तीच, बार्कर, थेटफोर्ड, कॅमको. जुने कॅम्पर टोटला ब्लू बॉय म्हणतात कारण पूर्वीपासून निळ्या रंगाचे येतात, आता राखाडीही मिळतात. साईझ साधारण १० - १२ गॅलनपासून ४० च्या पुढेमागे. कॅमकोच्या राईनोमध्ये १५, २१, २८ आणि ३६ आहेत. सगळे जाड एचडीपीई प्लॅस्टिकचे. छोट्यांना दोन चाकं, मोठ्यांना चार, चार वाल्यांची पुढची दोन चाकं वळतात. सोबत एक लोखंडी पट्टी येते, ती गाडीच्या हिचच्या (मागे ट्रेलर जोडतात तो भाग) बॉलवर अडकवायची आणि पायी चालण्याच्या वेगाने ओढत न्यायचं, बहुतेकांवर ताशी ५ मैलाच्या वर नाही असं लिहिलेलं असतं. तीन इंची तोंड, त्याला बायोनेटची फिरवून बसणारी जोडणी, बागेच्या पाईपने आतून धुवायला छोटं तोंड, आणि हवेची टोपी.

सेल्समन म्हणाला नेहमी आपल्या टँकपेक्षा मोठा घ्या, एका फेरीत काम होतं. ऐकायला बरोबर वाटतं, घरी येईपर्यंत मी पण २८ चाच घ्यायचा म्हणत होते. रात्री गुणाकार केला. पाण्याचं वजन गॅलनला ८.३४ पौंड. २५ गॅलन म्हणजे २०८ पौंड, वर टोटचं स्वतःचं ३० - ३५, म्हणजे ११० किलो. माझं वजन ५६. सपाट डांबरावर चार चाकं असतील तर ढकलता येईलही, पण साईटवरून रस्त्यापर्यंत वाळू आणि मुळं असतात, आणि डंप स्टेशनला पोचल्यावर शेवटचं पाणी काढायला तो तिरपा करावा लागतो ते वेगळंच.

८ एप्रिल, शनिवार

आज ताडपत्री काढली. आजची नोंद सगळ्यात महत्त्वाची आहे आणि मला कुणी आधी सांगितली असती तर दोन रविवार वाचले असते.

पाणी ट्रेलरच्या टँकमधून टोटमध्ये पंपाने जात नाही, उताराने जातं. म्हणजे टोटचं तोंड ट्रेलरच्या तोंडापेक्षा खाली पाहिजे. मी ट्रेलर गराजसमोरच्या सपाट काँक्रीटवर लेव्हल केला आणि खाली आडवी पडून टेप लावला. टँकचं पाणी सोडायच्या तीन इंची पाईपचा खालचा काठ जमिनीपासून साडेदहा इंच. फक्त. मोठ्या ट्रेलरना खाली भरपूर जागा असते, आमचा छोटा, बुटका, एका ॲक्सलचा, त्यामुळे पाईप जमिनीला टेकायला आलेला.

आता दुकानातले आकडे काढले. त्या मोठ्या चार चाकीचं तोंड जमिनीपासून बारा इंचावर होतं. म्हणजे पाणी दीड इंच चढायला पाहिजे. चढणार नाही! सुरुवातीला टँक भरलेला असताना आतल्या पाण्याच्या उंचीमुळे थोडं जाईल, मग थांबेल, आणि जे थांबेल ते होजमध्ये, म्हणजे ट्रेलर आणि टोट जोडणाऱ्या नळीत, उभं राहील. मग होज काढायची कशी?

नवरा म्हणाला ट्रेलर उचलू, ते पिवळे ठोकळे आहेत ना लेव्हलचे. ठोकळा एक साधारण इंचाचा. पण आमचं तोंड ड्रायव्हरच्या बाजूला आहे, नुसती ती बाजू उचलली तर टँक उलट्या दिशेला कलतो आणि पाणी तोंडापासून लांब पळतं, म्हणजे उचलायचं तर दोन्ही चाकं सारखी उचलायला लागणार, वर पुढचा जॅक तेवढा वाढवायचा, आणि पायऱ्या तेवढ्या उंच होणार, आईच्या गुडघ्यांचा विचार करून ते बाद. कोपऱ्यातले पाय ट्रेलर डुगडुगू नये म्हणून असतात, त्यांच्यावर ट्रेलर उचलायचा नसतो, ते वाकतात, हे पण लिहून ठेवते कारण मला तो मोह झाला होता.

म्हणून गॅलन नंतर, आधी इंच. ज्यांचा ट्रेलर छोटा आहे त्यांनी दुकानात जायच्या आधी हा एक आकडा खिशात ठेवा.

९ एप्रिल, रविवार

परत दुकानात. ह्या वेळी सगळ्या टोटची तोंडं मोजली. दोन चाकी, चपटा, १५ गॅलनचा जो आहे त्याचं तोंड आडवं ठेवल्यावर साडेआठ इंचावर येतं. दोन इंचाचा उतार मिळतो. फार नाही पण पाण्याला पुरतो.

दुसरे पर्याय पण प्रामाणिकपणे बघितले. बागेच्या पाईपची टोपी मिळते, ती ट्रेलरच्या तोंडावर बसवून साध्या पाईपने टोट भरता येतो, पाईप बारीक असल्याने त्यात उभं राहणारं पाणी कमी, पण आपल्याकडच्या मोरीच्या पाण्यात डाळीचे दाणे, मोहरी, कढीपत्ता, ते त्या पाऊण इंचात अडकणार. मॅसरेटर पंप म्हणजे मिक्सरसारखा वाटून ढकलणारा, तो चढावरही पाणी नेतो पण महाग, बॅटरी लागते, अजून एक बिघडणारी वस्तू. पूर्ण हुकअपच्या (वीज, पाणी आणि मोरीची जोडणी जागेवरच) साईट घेणं, ते तर उत्तम, पण मिशिगनच्या स्टेट पार्कात तशा साईट मोजक्याच ठिकाणी आहेत, बाकी ठिकाणी साईटवर वीज, पाण्याचा नळ सामायिक आणि बाहेर पडताना डंप स्टेशन.

संडासचा टँक टोटमध्ये रिकामा करायचा का, हा प्रश्न नवऱ्याने काढला. करतात लोक, टोट त्यासाठीच बनवलेला असतो, आधी ब्लॅक सोडायचा आणि मग त्याच्यावर ग्रे म्हणजे होज धुतली जाते. पण आमचा ब्लॅक २० चा आहे, चार रात्रींना पुरतो, आम्ही पाणी वापरतो तरी पुरतो. उगीच का? आमचा टोट फक्त मोरीसाठी. त्यामुळे सांडलं तरी हात धुऊन मोकळं होता येतं, आणि टोट गाडीबरोबर नेताना मन साफ राहतं.

१५ एप्रिल, शनिवार

घेतला. १५ गॅलन, राखाडी, दोन चाकी. शंभर डॉलरच्या वर थोडे, मोठे दोनशेच्या पुढे होते. राखाडी मुद्दाम, कारण आमचा चांगल्या पाण्याचा सात गॅलनचा कॅन निळा आहे आणि अंधारात, घाईत, दोन निळ्या वस्तू मला नको होत्या.

घरच्या काट्यावर रिकामा २० पौंड भरला. ठेवायचा कुठे हाही प्रश्न होता. आमच्याकडे पिकअप ट्रक नाही, ट्रकवाले सरळ मागे टाकतात. एसयूव्हीच्या मागे सामान, ट्रेलरच्या आत ठेवायचा नाही (आईला मी काय सांगणार), मागचा बंपर म्हणजे पातळ चौकोनी नळी, त्यावर वजन टांगलेलं मला चालणार नाही, पुढे सिलेंडरच्या शेजारी ठेवला तर हिचवरचं वजन वाढतं. शेवटी गाडीच्या टपावरची जाळी, रॅचेटचे दोन पट्टे. २० पौंड मी एकटी वर ढकलू शकते. ३५ चा मोठा धूड नसता गेला. छोटा घेतल्याचा हा फायदा मी आधी धरलाच नव्हता.

२२ एप्रिल, शनिवार

अक्षय्य तृतीया. सकाळी आमरस (कॅनचा, रत्नागिरीचा), दुपारी टेस्ट.

आधी ट्रेलरच्या पाईपांमधलं हिवाळ्याचं गुलाबी अँटीफ्रीझ काढलं, दोन वेळा पाणी फिरवून. मग ग्रे टँकमध्ये बादलीने मोजून २० गॅलन स्वच्छ पाणी ओतलं. पहिली चाचणी नेहमी स्वच्छ पाण्याने आणि घरी करा, कॅम्पवर नाही, हे मी हात जोडून सांगते.

पहिला प्रयत्न: होज लावली, ग्रेचा दीड इंची व्हॉल्व्ह ओढला, पाणी आलं, आणि दहा सेकंदात मंदावलं, टोटमधून गुडगुड आवाज. हवेची टोपी उघडायची राहिली होती. पाणी आत यायचं तर हवा बाहेर जायला पाहिजे. टोपी काढली आणि धबाधबा सुरू.

दुसरा प्रयत्न: टोट भरत आला, मी बघत होते पण कळलं नाही कधी भरला, हवेच्या तोंडातून फवारा आला तेव्हा व्हॉल्व्ह बंद केला. आता टोट तोंडापर्यंत भरलेला आणि पाच फुटी होज पण भरलेली. होज काढली आणि माझ्या बुटात पाणी. स्वच्छ होतं म्हणून हसलो, पण मग मी गणित केलं: तीन इंची होजमध्ये फुटाला ०.३७ गॅलन पाणी मावतं, पाच फुटांना १.८. म्हणजे १५ च्या टोटमध्ये १५ भरायचेच नाहीत. १३ ला थांबायचं म्हणजे होजमधलं पाणी उतरून टोटमध्येच मावतं.

पण १३ झाले हे कसं कळणार? ट्रेलरच्या आतला काटा एक तृतीयांश, दोन तृतीयांश, पूर्ण एवढंच सांगतो आणि साबणाचा थर बसला की तेही चुकीचं. म्हणून घड्याळ लावलं. भरलेल्या टँकमधून १३ गॅलन यायला सव्वा मिनिट लागलं. टँकमध्ये कमी पाणी असताना जोर कमी, तेव्हा मोजायला पुरेल एवढं उरलं नव्हतं, सात गॅलनलाच एक मिनिट गेलं. तेव्हा घड्याळ एकटं पुरणार नाही. उपाय म्हणून ट्रेलरच्या तोंडावर आरपार दिसणारा वाकडा जोड आणायचा आणि टोटच्या बाजूला १३ च्या उंचीवर पांढऱ्या रंगाची रेघ मारायची, प्लॅस्टिक जाड आहे पण उन्हात मागून टॉर्च धरला की पाण्याची पातळी अंधुक दिसते, हे लेकीने शोधलं.

ओढून बघितला. १३ गॅलनचे १०८ पौंड, टोट २०, एकूण १२८ म्हणजे ५८ किलो. काँक्रीटवर एका हाताने येतो. गवतावर दोन हातांनी. वाळूत (शेजारच्या पोरांच्या सँडपिटच्या कडेला नेऊन बघितलं) चाकं रुततात, उलटं चालून ओढला तर निघतो.

२९ एप्रिल, शनिवार

छोटी कामं. पारदर्शक जोड आला. टोटच्या टोपीत रबरी गॅस्केट कोरडं होतं, सिलिकॉन ग्रीस लावलं. चाकाच्या दांड्याला जी पिन आहे ती लवकर गंजेल असं वाटतंय, स्टेनलेसची घातली. टोटच्या हँडलला लाल टेप गुंडाळला, त्याच्या होजला पण लाल टेप, त्याच्या हातमोज्यांना पण. चांगल्या पाण्याच्या पाईपला आणि निळ्या कॅनला काहीच नाही. लाल दिसलं की स्वयंपाकाच्या वस्तूंना हात लावायचा नाही.

२० मे, शनिवार

आई आली, जेट लॅग संपला, आज तिला ट्रेलर दाखवला. तिने आत जाऊन सिंक बघितलं, नळ बघितला आणि पहिला प्रश्न, "मोरी कुठं जाते गं हिची?" मी सगळं दाखवलं, लाल टेप, वेगळे मोजे, वेगळी होज. ती म्हणाली हे बरं केलंस, संडासचं आणि हे एकत्र करू नको. मग म्हणाली, "दिवसाला अकरा गॅलन म्हणजे किती बादल्या?" चाळीस लिटर म्हणलं. "चौघांच्या घरात भांड्याला आणि एका आंघोळीला चाळीस लिटर? तुम्ही नळ सोडून भांडी घासता."

सोडून घासतो. खरं आहे.

तिने उन्हाळ्यात दोन दिवसाआड पाणी येणाऱ्या वर्षांत घर चालवलंय. तिची पद्धत मी लहानपणी पाहिलीय आणि विसरले होते: ताट आधी पुसायचं, खरकटं वेगळं, मग एका घमेल्यात साबणाचं पाणी, दुसऱ्यात विसळायचं, आणि विसळायचं पाणी पुढच्या खेपेला साबणाचं. दोन प्लॅस्टिकचे टब डॉलर स्टोअरमधून आणले.

२८ जून, बुधवार

आज बाहेर कामच करता आलं नाही. कॅनडातल्या वणव्यांचा धूर डेट्रॉईटवर उतरलाय, सूर्य नारिंगी, हवेचा निर्देशांक अतिशय वाईट, मास्क लावून फक्त टोट टपावर बांधला आणि आत पळाले. आईला खोकला. शुक्रवारपर्यंत वारा फिरावा.

३० जून, शुक्रवार, रात्री

पोचलो. हवा बरीच बरी आहे. साईट झाडीत, खाली वाळू. ट्रेलर लेव्हल केल्यावर पाईपची उंची परत मोजली, साडेनऊ! जमीन त्या बाजूला वर आहे. एक इंचाचा उतार उरला. टोट जिथे ठेवायचा तिथली वाळू फावड्याने दोन इंच सरकवून चपटी जागा केली, जाताना परत भरणार. डंप स्टेशन चालत दहा मिनिटं, रस्ता डांबरी.

२ जुलै, रविवार

पहिली फेरी आज सकाळी, म्हणजे दोन रात्रींनी. हवेची टोपी उघडी, होज लावली, जोडातून पाणी दिसतंय, हळदीमुळे पिवळसर. टॉर्च लेकीच्या हातात, रेघ आली तसा ती "बस" म्हणाली, व्हॉल्व्ह बंद, होजमधलं पाणी आत उतरू दिलं, होज वर उचलून झटकली, टोप्या लावल्या. एक थेंब सांडला नाही.

वाळूतून रस्त्यापर्यंत उलटं चालत ओढला, वीस पावलं, कठीण. पुढे डांबरावर हिचला पट्टी अडकवून गाडीने नेता आला असता पण मी हातानेच नेला, कारण दहा मिनिटांसाठी गाडी काढणं जीवावर आलं आणि गर्दीत पोरं सायकलवर फिरत होती. प्लॅस्टिकची चाकं डांबरावर फार आवाज करतात, सकाळी आठच्या आधी नेऊ नये, लोक झोपलेले असतात.

डंप स्टेशनला भोकात होज सोडली, बायोनेट बसवलं, टोपी उघडली, दीड मिनिटात रिकामा, शेवटचं हँडलकडून उचलून. मग तिथल्या धुण्याच्या नळाने आतून धुतला. तिथे पिण्याच्या पाण्याचा नळ वेगळा असतो, धुण्याच्या नळावर पिऊ नका अशी पाटी असते, तो कधीही चांगल्या पाण्याच्या कॅनला लावायचा नाही.

सगळं मिळून अर्धा तास. ट्रेलर जागेवरच, चांदणी उघडी, आई आत पोहे करत होती. ऑक्टोबरचे दोन तास आठवले आणि मला खरंच डोळ्यात पाणी आलं.

आकडा: दोन दिवसात चौघांचं, आईच्या आंघोळी धरून, जेमतेम १३. टोट रेघेला आला तेव्हा ट्रेलरचा टँक जवळजवळ रिकामा झाला होता. मी बावीस धरले होते. दोन टबांनी आणि ताटं पुसण्याने एवढा फरक. शिवाय आई विसळायचं शेवटचं पाणी तांब्याने संडासात टाकते, ब्लॅक टँकला भरपूर पाणी लागतंच, नाहीतर घट्ट गोळे साचतात, म्हणजे ते पाणी तिथे कामालाच येतं. फक्त २० चा टँक आहे हे लक्षात ठेवून मी दुपारपासून मोजून टाकायला सांगितलं.

दुपारी वाळूच्या डोंगराच्या लाकडी पायऱ्या चढून वरून लेक मिशिगन बघितलं. आई अर्ध्यावर बाकावर बसली, म्हणाली हा समुद्रच आहे, खारा वास तेवढा नाही.

३ जुलै, सोमवार

फेरी नाही. पिठलं भाकरी. पिठल्याची कढई ही सगळ्यात मोठी परीक्षा, आईने ती भाकरीच्या तुकड्याने पुसून घेतली आणि मग पेपर टॉवेलने, पाणी लागलं दोन तांबे.

४ जुलै, मंगळवार

निघताना उरलेलं मोरीचं पाणी टोटने न नेता ट्रेलरसकटच डंप स्टेशनला सोडलं, तिकडून जायचंच होतं. आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे होज धुतली जाते. रांगेत आमच्या पुढे अकरा ट्रेलर, सुट्टीचा शेवटचा दिवस, पाऊण तास लागला. वाळूतला खड्डा भरला.

९ जुलै, रविवार

टोट धुवून गराजमध्ये टोप्या उघड्या ठेवून वाळत घातलाय, बंद ठेवला तर आतून वास धरतो. आत कोमट पाणी आणि दोन चमचे बेकिंग सोडा घालून हलवून घेतला होता. पारदर्शक जोड कायमचा पिवळा झालाय, चालेल.

बघितलेल्या गोष्टी: डाव्या चाकाच्या भोकात वाळू गेलीय आणि दांडा घासलाय, वॉशर घालायचा. होज पाच फुटी आहे, साडेतीन फुटी पुरली असती, तेवढंच आत कमी पाणी. फळीचा तुकडा, दोन फूट लांब, रुंद, वाळूत चाकाखाली टाकायला, दोन तुकडे कापले, टपावर टोटच्या खालीच बांधता येतात.

शेजारच्या साईटवरच्या एका बाईंनी माझा टोट बघून विचारलं होतं की एवढा छोटा का घेतला. त्यांच्याकडे ३६ चा आहे, ट्रकमागे ओढतात, त्यांचा ट्रेलर ३० फुटी आणि पाईप जमिनीपासून कितीतरी वर, त्यांना तोच बरोबर आहे. मी त्यांना माझी पट्टी दाखवली.

ऑगस्टच्या शेवटी परत जायचंय. तोपर्यंत: वॉशर, छोटी होज, टोपीचं जास्तीचं गॅस्केट. आई सप्टेंबरपर्यंत आहे, तिने तिसरा टब मागितलाय, भाज्या धुवायला, ते पाणी झाडाला नाही घालायचं का असं विचारत होती, त्याला पण पार्कात परवानगी नाही हे तिला अजून पटलेलं नाही.